सेल्फ फिरतोय ना?

चालू न होणाऱ्या गाड्या दोन जातींच्या असतात. पहिली मुकी. किल्ली फिरवली की फार तर एक ‘टक्’ ऐकू येतो आणि पुढे सगळं सामसूम. या गाडीचं एक बरं असतं, ती आशा लावत नाही. माणूस किल्ली काढतो, दार आपटतो आणि रिक्षा बघायला लागतो. दुसरी जात बोलक्या गाड्यांची. किल्ली फिरवली की सेल्फ दणक्यात फिरतो, इंजिन खँ-खँ-खँ करत घुसळून निघतं, बॉनेट थरथरतं, आरशाला लटकवलेला गणपती डोलायला लागतो. गाडी चालू होण्याची सगळी लक्षणं दिसतात, फक्त गाडी चालू होत नाही. मुलगी बघून झाल्यावर ‘कळवतो’ म्हणून गेलेली मंडळी जशी घरच्यांना ना धड इकडचं ठेवतात ना तिकडचं, तशी ही गाडी माणसाला सीटवर खिळवून ठेवते. आत्ता झालीच होती, असं प्रत्येक वेळी वाटतं. आणखी एकदा मारून बघू, असं म्हणत म्हणत चांगली शिकलीसवरलेली माणसं धडधाकट बॅटरीचा जीव घेतात आणि दुसऱ्या जातीची गाडी पहिल्या जातीत नेऊन बसवतात.

खरं तर बोलकी गाडी अर्धं उत्तर पहिल्याच आवाजात देऊन टाकते. म्हणून तर ‘गाडी चालू होत नाहीये हो’ असं फोनवर रडगाणं लावलं की कुठलाही जाणता मिस्त्री ते मध्येच तोडून एकच प्रश्न विचारतो, “सेल्फ फिरतोय ना?” ही सेल्फची मोटर इंजिनाला पहिला वळसा देताना शंभर अँपियरच्या वर करंट ओढते. ती दमात फिरली, याचा अर्थ बॅटरी, बॅटरीच्या जाड वायरी, किल्लीचा खटका आणि खुद्द सेल्फ, ही मंडळी निर्दोष सुटली. दोष कुठे असेल तो त्यांच्या पलीकडे. इतकं सोपं आहे हे. तरीही आपल्याकडे अशा गाडीवर पहिला हल्ला होतो तो बॅटरीवरच. कारण बॉनेटखालच्या त्या गुंत्यात नावानिशी ओळखता येईल अशी ती एकच वस्तू असते. ओळखीच्या माणसावर संशय घ्यायला सोपं जातं.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते आणि सेल्फ मारताना दहाच्या आसपास तग धरते. ती थकलेली असेल, तर सेल्फ कसाबसा फिरवते खरी, पण त्या ओढाताणीत व्होल्टेज एवढं खाली जातं की इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला काही उरत नाही. अशा वेळी आवाज जड येतो, रडका येतो, डॅशबोर्ड मिणमिणतो. आवाजात दम असेल तर बॅटरीवाल्याला फोन करू नये. तो येईल, आणि नवी बसवूनच जाईल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत अशीच एक गाडी अडली. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेतल्या गृहस्थांची, सीएनजीवर चालणारी. सकाळी तळेगावला लग्न, घरची मंडळी पैठण्या नेसून गाडीत बसलेली, आणि गाडी नुसती खँ-खँ करतेय. तो आवाज पार्किंगच्या स्लॅबखाली असा घुमतो, की मंदिरातली घंटासुद्धा इतकी माणसं गोळा करत नाही. पाहता पाहता बॉनेटभोवती कोंडाळं जमलं. मीही होतो त्यात, हातात चहाचा कप घेऊन.

अशा कोंडाळ्यात माणसं समोरच्या गाडीचं निदान करत नाहीत. आपल्या गाडीला पूर्वी जे झालं होतं ते या गाडीला झालंय असं जाहीर करतात. तळमजल्यावरच्या काकांकडे एके काळी पद्मिनी होती. ते म्हणाले, “प्लग काढ आणि पुसून लाव.” चौथ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या तरुणाला त्याच्या गाडीच्या सेन्सरने गेल्या वर्षी चांगलाच खड्डा पाडला होता, त्यामुळे त्याच्या मते हा सेन्सरच. वॉचमनला उंदीर माहीत. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, कारण पावसात बिळं भरली की उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि बसल्या बसल्या वायरी कुरतडतात. एकाने बाह्या सरसावून ‘धक्का मारू या’ असा प्रस्ताव मांडला आणि तो जवळजवळ एकमताने मंजूर झाला. धक्का मारून इंजिन फिरतं, आणि इंजिन फिरवण्याचं काम सेल्फ आधीच उत्तम करत होता, हा मुद्दा कुणाच्या ध्यानात आला नाही. मुकी गाडी धक्क्याने चालू होते. बोलक्या गाडीला धक्का मारणं म्हणजे सेल्फचा ओव्हरटाइम आपण करणं. त्यातून हल्लीच्या पेट्रोल गाडीला फार ढकललं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो महागडा डबा खराब होतो, ते वेगळंच.

मागच्या सीटवरून गृहस्थांच्या पत्नीने विचारलं, “अहो, पेट्रोल आहे ना गाडीत?”

“अगं, सीएनजीची गाडी आहे ही,” ते म्हणाले. कोंडाळ्यात थोडं हसू पसरलं.

पद्मिनीवाल्या काकांना मी हसणार नाही. त्यांच्या काळी गाडीचं आजारपण डोळ्यांनी दिसायचं, हाताला लागायचं आणि पुष्कळदा जिभेलाही कळायचं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ती १०८९ सीसीची गाडी एका पिढीला यंत्रशास्त्र शिकवून गेली. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, पण तिच्यावर वाढलेली माणसं अजून आहेत आणि कुणाचंही बॉनेट उघडलं की ती धावत येतात. तेव्हाचं सर्वमान्य निदान म्हणजे ‘कचरा आलाय’. कार्बोरेटरच्या जेटचं भोक एवढं बारीक असायचं, की टाकीच्या तळातला गंजाचा एक कण त्यात अडकला तरी पुरे. मिस्त्री जेट काढायचा, उन्हाकडे धरून एका डोळ्याने त्यातून बघायचा, तोंडाला लावून फुंकायचा, बाजूला थुंकायचा आणि पुन्हा बसवायचा. गाडी चालू. आजच्या किती मिस्त्रींना पेट्रोलची चव माहीत असेल?

करंट बघायची रीत तर त्याहून नाट्यमय होती. प्लग खोलायचा, पुन्हा वायरीला लावायचा, इंजिनाच्या लोखंडावर आडवा टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक, चट्चट् वाजणारी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी पडली तर पॉइंट बघायचे. पॉइंटवर काजळी धरलेली असायची, ती काचकागदाने घासायची आणि मधली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीवर बसवायची. कित्येक प्रतिष्ठित माणसांच्या नावाच्या कार्डांचा एवढाच काय तो उपयोग झाला. प्लग ओला निघाला तर पेट्रोल जास्त झालंय, कोरडा ठणठणीत निघाला तर पेट्रोल पोचतच नाहीये. एका प्लगच्या तोंडाकडे बघून निम्मी गाडी वाचता यायची. (हा प्रयोग आजच्या गाडीवर मात्र घरच्या घरी करू नये. बारा व्होल्टचे वीस हजारांहून जास्त करणारी कॉइल आता थेट प्लगच्या डोक्यावर बसलेली असते. तिचा झटका बसला तर गाडी राहील बाजूला, आपलीच तपासणी करावी लागेल. शिवाय कॉम्प्युटरही बिघडू शकतो.)

आणि खंडाळ्याचा घाट! द्रुतगती मार्ग होण्याआधी उन्हाळ्यात घाट चढून गेल्यावर लोक हातपाय मोकळे करायला गाडी बंद करायचे. चहा व्हायचा, चिक्की घेऊन व्हायची, आणि परत येऊन किल्ली फिरवली की नुसताच सेल्फ. गाडी धावत असते तोवर वारा आणि पाण्याचा पंप मिळून इंजिनाची आच वाहून नेत असतात. बंद केली की दोन्ही थांबतात आणि साठलेली आच आजूबाजूला चढते. तेव्हाचे पेट्रोलचे पंप इंजिनाच्या कुशीतच बसवलेले असत. त्यातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि द्रव ओढण्यासाठी केलेला पंप वाफेपुढे हतबल व्हायचा. यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली बसायचं. एवढंच. वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं की गाडी आपण होऊन चालू व्हायची. फडकं ठेवणारा भाव खाऊन जायचा, पण खरं काम केलेलं असायचं ते बसण्याने.

त्याच्याही आधी सेल्फच नव्हता. गाडीच्या नाकात हँडल घालून ते फिरवावं लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका मारी आणि मनगट मोडे. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असं पढवलेलं असायचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने यावर विजेच्या मोटरचा तोडगा काढला आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. त्याच्याआधीच्या लोकांचा हिशेब असा होता, की इंजिन फिरवण्याएवढी ताकदवान मोटर गाडीत मावणारच नाही. केटरिंगने दुकानांतल्या गल्ल्यांच्या यंत्रांसाठी विजेच्या मोटरवर काम केलेलं होतं. त्याला माहीत होतं की छोट्या मोटरवर क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी ती सहन करते, क्षणभरच असला म्हणजे झालं. आजही सेल्फ त्याच तत्त्वावर आहे. तो थोडक्या वेळासाठी जन्माला आलेला आहे. दहा सेकंदांच्या वर त्याला सलग पिळू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये थोडा दम खाऊ द्यावा. पण हे त्या सकाळी सांगणार कोण? पैठण्या नेसलेल्या होत्या, मुहूर्त जवळ येत होता, आणि किल्ली काही सुटत नव्हती.

कोंडाळ्याच्या मागे उभं राहून विचार केला, तर गाडी चालू का होत नाही यापेक्षा ती रोज चालू होते कशी याचंच नवल वाटायला लागतं. १८७६ साली जर्मनीत निकोलाउस ओटोने जे इंजिन फिरवून दाखवलं, त्याच्याच धर्तीवर आजचं पेट्रोल इंजिन चालतं, आणि त्याच्या मागण्या ठरलेल्या आहेत. हवा पाहिजे, पेट्रोल पाहिजे, दोन्ही मिळून दाबली गेली पाहिजेत आणि दाब पुरता भरत आला की ठिणगी पडली पाहिजे. मागण्या चारच, पण प्रमाण आणि वेळ यांबाबत इंजिनासारखं काटेकोर दुसरं कुणी नसेल. एक भाग पेट्रोलला साधारण पावणेपंधरा भाग हवा, तीही वजनाने. म्हणजे लिटरभर पेट्रोल नीट जळायला जवळपास नऊ हजार लिटर हवा लागते. आणि सिग्नलला नुसती घुरघुरत उभी असलेली गाडीसुद्धा प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला सहा-सात वेळा हा सगळा सोहळा पार पाडत असते. बोलक्या गाडीत या चारांपैकी काहीतरी एक आलेलं नसतं, किंवा वेळेवर आलेलं नसतं. कोण आलं नाही ते शोधायचं, एवढंच निदान. त्यासाठी हजेरी घ्यावी लागते. ज्याची हजेरी फुकटात घेता येते त्याची आधी, खर्चाची मागाहून.

तासाभराने मिस्त्री स्कूटरवरून आला, मागे पिशवी धरून बसलेला पोऱ्या. कोंडाळ्यातल्या सगळ्यांनी त्याला आपापलं निदान एकाच वेळी सांगितलं. त्याने ते ऐकल्यासारखं केलं. बॉनेटकडे त्याने बघितलंही नाही. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, गाडीतला पंखा आणि रेडिओ बंद केला, आणि म्हणाला,

“जरा दोन मिनिटं कुणी बोलू नका.”

मराठी माणसांच्या जमावाला हे सांगणं सोपं नाही. ‘का, काय झालं?’ असं विचारण्यातच पहिलं मिनिट गेलं. मग कुणीतरी ‘अहो, गप्प बसा म्हणतोय तो’ असं ओरडून सांगितलं. शेवटी सगळं शांत झालं, तेव्हा त्याने किल्ली अर्धीच फिरवली, सेल्फच्या अलीकडे. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत, मागच्या सीटखालच्या बाजूला असतो. किल्ली अर्धी फिरवली की तो दोनेक सेकंद ‘हूंऽऽ’ असा बारीक आवाज करतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. रोज ऐकूनही आपण तो कधी ऐकलेला नसतो. मिस्त्रीने किल्ली पुन्हा मागे घेतली, पुन्हा अर्धी फिरवली. आवाज नाही.

“पंप बोलत नाहीये,” तो म्हणाला.

सकाळपासून ही एवढी एकच गोष्ट कुणी तपासली नव्हती. तपासता येणारच नव्हती, कारण सगळे बोलत होते.

पुढचं काम भराभर झालं. फ्यूज बघितला, ठीक. पंपाचा रिले काढून जागी हॉर्नचा तशाच ठेवणीचा रिले लावून बघितला, फरक नाही. मागच्या मंडळींना उतरवून, सीट उचलून पंपाच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. “करंट येतोय. पंप घेत नाहीये.” मग त्याने पोऱ्याला गाडीखाली सरकवलं आणि रबरी हातोडी दिली. “मी सेल्फ मारला की टाकीला खालून हळू ठोक.” इकडे खँ-खँ, तिकडे ठक्-ठक्, आणि गाडी एकदम चालू झाली. कोंडाळ्याने टाळ्या वाजवल्या. वॉचमनसुद्धा उंदरांचं विसरला.

मिस्त्री मात्र खूश दिसला नाही. त्याने इंजिन चालू ठेवूनच गृहस्थांना काटा दाखवला. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला होता. सीएनजीच्या बहुतेक गाड्या आधी पेट्रोलवर चालू होतात आणि इंजिन थोडं गरम झालं की गॅसवर जातात. म्हणजे गाडी जरी गॅसवर पळाली, तरी सकाळचा पहिला घास तिला पेट्रोलचाच लागतो. त्यातून हा पंप पेट्रोलातच बुडून गार राहील अशा हिशेबाने केलेला असतो. टाकी कायम कोरडी ठेवली की तो तापतो, झिजतो आणि तळाचा गाळ ओढत राहतो. काही किटमध्ये अडीअडचणीला थेट गॅसवर गाडी चालू करायचीही सोय असते. या गाडीत ती आहे का, असं मिस्त्रीने विचारलं. गाडीचं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्येच होतं, कंपनीने दिलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड न उघडलेलं.

“काका, लग्नाला रिक्षानेच जा,” मिस्त्री म्हणाला. “ठोकून चालू झालेला पंप तिकडे बंद केल्यावर पुन्हा घेईल याची गॅरंटी नाही.”

गृहस्थांच्या पत्नी यावर काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी पर्स उचलली आणि त्या रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या. गृहस्थ मागोमाग.

मला त्या मिस्त्रीचं कौतुक वाटतं ते त्याने गाडी चालू केली म्हणून नव्हे, तर त्या सकाळी त्याने काहीही बदललं नाही म्हणून. आपल्याकडे निदानाचा दुसरा एक संप्रदाय आहे आणि त्याचे अनुयायी पुष्कळ आहेत. ते आधी प्लग बदलतात. मग कॉइल. मग फिल्टर, मग सेन्सर. पुण्यातल्या नाना पेठेतून आणलेल्या पार्टांच्या खोक्यांची चळत लागते, आणि कधीतरी गाडी चालू झाली की शेवटी जो बदलला तोच पार्ट खराब होता असं ठरतं. बिल बघितलं की कळतं, आपण निदानाचे पैसे दिलेलेच नाहीत, अंदाजांचे दिलेत. या संप्रदायाचा मंत्र म्हणजे ‘खोलून बघावं लागेल’. हे वाक्य ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढून विचारतो, “काय बघायला?” उत्तर नीट आलं तर खोलू द्यावं. उत्तरादाखल परत ‘खोलल्यावर कळेल’ आलं, तर किल्ली मागून घ्यावी.

स्कॅनर आल्यापासून या संप्रदायाला यंत्राचं पाठबळही मिळालं आहे. स्कॅनर गाडीला जोडला की पडद्यावर एखादा कोड येतो, अमुक सेन्सरचा सिग्नल मिळत नाही. याचा अर्थ सेन्सर मेला असा होत नाही. वायर तुटली असेल, सॉकेटमध्ये पावसाचं पाणी शिरलं असेल, वॉचमनच्या उंदराने मेजवानी केली असेल. यंत्र फक्त तक्रार लिहून घेतं. तपास माणसानेच करायचा असतो.

आणि कान द्यायची सवय लागली, की बोलकी गाडी बरंच सांगते. नेहमीचा सेल्फ चढउतार घेत फिरतो, कारण प्रत्येक सिलिंडर दाबाच्या वेळी थोडा अडतो. तोच आवाज कधी एकसुरी, हलका, सुर्रकन् पळणारा आला, तर किल्ली लगेच सोडावी. टायमिंग बेल्ट तुटलेला असण्याचा दाट संभव असतो. त्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारला तर काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला जाऊन धडकतो आणि काही हजारांचं काम भलतीकडे जातं. पेट्रोलचा भपकारा आला, तर इंजिन पेट्रोलात न्हालेलं आहे. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. बऱ्याच गाड्यांचे कॉम्प्युटर हा इशारा समजतात आणि तेवढ्यापुरतं पेट्रोल बंद करून नुसती हवा आत घेतात. गाडीत आरपीएमचा काटा असेल आणि सेल्फ फिरत असताना तो जागचा हलत नसेल, तर चौथ्या मजल्यावरच्या तरुणाचं ऐकायला हरकत नाही. क्रँकचा सेन्सर बघावा. हा सेन्सर मोठा खट्याळ. गरम झाला की झोपतो, गार झाला की उठतो. भर सिग्नलला दगा देणारी गाडी टो करून गॅरेजच्या दारात नेली, की पहिल्या किल्लीला चालू होते आणि मालकाला खोटं पाडते. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर कपाटातली दुसरी किल्ली आणून बघावी. गाडी किल्लीतल्या चिपला ओळखत नसेल, तर ती मालकालाच चोर समजून बसलेली असते. आणि पावसाळ्यात पेट्रोल भरून निघाल्यावर थोड्याच वेळात गाडी अडली, तर पेट्रोलमध्ये पाणी आलंय का ते बघावं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते थोडंफार पाणी पोटात घेतं. पाणी त्याहून जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाशी जाऊन बसतात. आणि टाकीतला पंप ओढतो तो तळातूनच.

पण पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट हसण्यावारी नेता येणार नाही. आतापर्यंत सेल्फ मारा, ऐका, विचार करा असं म्हटलं. एका गाडीला हे लागू नाही. बॉनेटपर्यंत पाण्यात उभी राहिलेली गाडी. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्यानंतर पाणी ओसरलेल्या गल्ल्यांमध्ये जी पहिली हालचाल झाली ती किल्ल्या फिरवण्याची. आताही मुंबईतलं हिंदमाता असो की पुण्यातला सिंहगड रस्ता, पाणी उतरलं की माणूस आधी हेच करतो. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरलं असेल आणि सेल्फ मारला, तर पिस्टन वर येतो आणि त्याच्यापुढे हवेऐवजी पाणी असतं. हवा दहावा हिस्सा होईपर्यंत दबते, पाणी दबत नाही. मग दबतो तो कनेक्टिंग रॉड. तो वाकला की इंजिन उतरवावं लागतं, आणि साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं कव्हर आधीच घेतलेलं असावं लागतं. तेव्हा अशी गाडी दिसली तर किल्ली खिशातच ठेवा, बॅटरीची वायर सोडवा आणि गाडी टो करून न्या. मिस्त्री आधी प्लग काढेल, मग इंजिन फिरवून आतलं पाणी बाहेर काढेल, ऑइल बदलेल. त्याआधी एखादा शेजारी येऊन ‘एकदा मारून तर बघा’ म्हणेल. त्याला चहा द्या, किल्ली देऊ नका.